आमची वाटचाल : उन्हाळ्यातला कपडेपट

सांगलीत मारुती चौकाजवळ आमचा कपडेपट आहे. नाटकं, शाळांची स्नेहसंमेलनं, शिवजयंतीच्या मिरवणुका, गणपतीतले जिवंत देखावे यांना लागणारे कपडे, केसांचे टोप, मुकुट, दाढी-मिश्या आणि शस्त्रं आम्ही भाड्याने देतो, सांगाल तसं नवीन शिवूनही देतो. दुकान घातलं आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. ते मूळचे शिंपी. ज्या गावात ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी राजवाड्यात ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, त्या गावात नाटकाचे कपडे शिवणाऱ्याला काम मागत हिंडावं लागत नाही, असं ते म्हणायचे. वर्षातले आठ-नऊ महिने ते खरंही होतं.

उरलेले महिने मात्र फार जड जायचे. आमच्या धंद्याचं वर्ष गणपतीपासून सुरू होतं. नवरात्र, दिवाळीनंतरच्या नाट्यस्पर्धा, डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंगची गर्दी आणि फेब्रुवारीत शिवजयंती. त्यापुढे गावोगावच्या जत्रा सुरू होतात, पण तमाशाच्या फडांचे स्वतःचे पेटारे असतात, त्यांचं काम आमच्याकडे क्वचितच येतं. एकदा वार्षिक परीक्षा सुरू झाल्या की दुकानात फक्त दुरुस्तीचं काम उरायचं. टिपा मारायच्या, उसवलेली जर बसवायची, ट्रंका उन्हात टाकायच्या. मशिनवर बसणाऱ्या बायकांना मे महिन्यात घरी बसवावं लागायचं. त्यांच्या घरी शाळेची पुस्तकं-दप्तरं घ्यायचे दिवस नेमके जूनचे, आणि हातात पैसा नाही. आण्णांना याचं फार वाईट वाटायचं.

याच सुमारास गावातल्या एका कलाकेंद्राने उन्हाळी हंगाम सुरू केला. सकाळी मुलांचे वर्ग असायचे: नाट्य, कथक, तबला, चित्रकला, बाहुल्या. शनिवारी संध्याकाळी केंद्राच्या छोट्या रंगमंचावर मोठ्यांचे कार्यक्रम: नाट्यसंगीताची मैफल, एखादी एकांकिका, भारूड. सतार-तंबोऱ्यांचं मिरज शेजारीच असल्यामुळे वाद्यांचा एखादा सोपा परिचयवर्गही व्हायचा. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा उघडायच्या आत, शिबिरातल्या सगळ्या मुलांचं नाटक. त्या नाटकाचे कपडे मागायला केंद्राची मंडळी आमच्याकडे आली.

तोवर मुलांच्या नाटकाला कपडे द्यायची सगळीकडे एकच पद्धत होती. मोठ्यांचा कपडा काढायचा, बाह्या आत दुमडायच्या, कमरेला पिना लावायच्या, उरलेलं नाडीने आवळायचं. पहिल्या वर्षी मी विंगेत उभी राहून ते नाटक पाहिलं. राजा झालेला मुलगा चुणचुणीत होता, पाठांतर पक्कं. पण मुकुट मोठ्या माणसाच्या डोक्याचा, आतून कापडाची गुंडाळी भरलेली. सबंध प्रवेशभर त्याचा डावा हात मुकुट धरण्यात गुंतला होता. प्रधानाने अंगरख्याचा घोळ मुठीत पकडलेला. वानरसेनेची पोरं केसाळ कापडात घामाने निथळत होती, एकजण संवाद अर्धवट टाकून मान खाजवत होता. प्रेक्षकांत बसलेल्या आयांना ते गोड वाटत होतं. मला नाही वाटलं. ज्या मुलांनी महिनाभर तालीम केली, त्यांना हातवारे करायला दोन्ही हात मोकळे मिळू नयेत हे मला पटेना.

घरी आल्यावर आण्णांशी बोलले. मुलांचा कपडेपट वेगळा करू या म्हटलं. ते लगेच हो म्हणाले, आणि आमच्या धंद्याची खरी दिशा तिथे ठरली.

मुलाचं शरीर म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रत नसते. खांदे अरुंद, पोट पुढे, धडाच्या मानाने डोकं मोठं. मोठ्यांच्या कटिंगवरून इंच कमी करत गेलात तर गळा घट्ट होतो आणि खांदा लोंबतो. म्हणून सात ते नऊ, दहा ते बारा, तेरा ते पंधरा असे तीन वेगळे कागदी नमुने आण्णांनी काढले. शिलाईत नेहमीपेक्षा जास्त माया (आत दुमडलेलं जादा कापड) ठेवली, म्हणजे पुढच्या वर्षी तोच कपडा उसवून मोठा करता येतो. काजं-बटणं काढून टाकली. पाठीवर रुंद वेल्क्रो आणि वर एक टिचबटण, की अंधारात मुलाचं मुलाला लावता आलं पाहिजे. धोतर आधीच चुण्या घालून कमरपट्ट्यावर शिवलेलं, आत इलास्टिक.

सॅटिन आणि वेल्वेट आम्ही मुलांसाठी बंद केलं. सांगलीचा मे म्हणजे पारा सहज अडतीस-चाळिसाकडे, त्यात रंगमंचावरचे दिवे. इचलकरंजी इथून जवळ, तिथल्या मागांवरचं सुती पॉपलिन आणि कॅम्ब्रिक आम्ही घाऊक आणतो, रंगवून घेतो आणि काठ तेवढा जरीचा लावतो. दिव्याखाली चमकायला चार बोटांची जर पुरते. दुकानात येणारे पालक अजूनही झगमगीत कपड्याला आधी हात घालतात. मी त्यांना मोकळेपणाने सांगते की हे तुमच्या मुलाला सोसणार नाही, आणि तेवढं भाडं सोडून देते.

मुकुट आता फोमचे आहेत, डोक्याला बेतलेले, हनुवटीखाली पट्टी नसलेले. मुलांच्या दाढी-मिश्या आम्ही डिंकाने चिकटवत नाही. स्पिरिट गम कोवळ्या कातडीला लागतो आणि काढताना मुलं रडतात. मलमलीच्या पट्टीवर केस विणून कानामागे इलास्टिक अडकवलं की काम होतं. रंगभूषेच्या आदल्या दिवशी प्रत्येकाच्या कोपराच्या आतल्या बाजूला रंगाचा ठिपका लावून बघतो. ज्याला खाज सुटते त्याला फक्त काजळ आणि कुंकू. कपाटात डांबरगोळ्या ठेवत नाही, कडुनिंबाचा वाळवलेला पाला ठेवतो.

एवढं झाल्यावर केंद्राच्या मंडळींनीच सुचवलं की हे काम मुलांनाही दाखवा. त्यातून आमचा वेशभूषेचा वर्ग निघाला. सुरुवातीला फक्त मुली येतील असं सगळ्यांना वाटत होतं. आले मुलगेच जास्त, कारण वर्गात मुखवटे करायचे होते.

मुखवट्याची आमची रीत जुनी आहे. शाडूचा चेहरा करायचा. त्यावर पहिला थर नुसत्या ओल्या कागदाचा, म्हणजे मातीला चिकटत नाही. मग वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिंचोक्याच्या खळीत बुडवून एकावर एक, आडवा थर झाला की उभा. उन्हात वाळवायचं. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात दुपारनंतर वळीव कधी येईल सांगता येत नाही, म्हणून आभाळ भरलं की मुलं तबल्याचा वर्गही तसाच सोडून मुखवटे उचलायला गच्चीकडे धावतात. वाळल्यावर मुखवटा सोडवायचा, पांढरा हात द्यायचा आणि रंगवायचं. यात एक गोष्ट आम्ही कटाक्षाने पाळतो: मुखवटा वरच्या ओठापाशी कापायचा. तोंड झाकलं की मागच्या रांगेपर्यंत शब्द पोचत नाही, आणि मुलांचा आवाज मुळात लहान. डोळ्यांची भोकंही ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावर मोजून पाडायची.

भाव्यांच्या नाटकांत राक्षसपार्टी असायची. आरडाओरडा करत, तलवारी नाचवत, ‘अललल डुर्रर्र’ करत ती रंगमंचावर यायची. सांगलीच्या मुलांना हे ठाऊक असायलाच हवं असं मला वाटायचं. एका वर्षी शिबिराच्या नाटकात दिग्दर्शकांनी जुन्या पद्धतीचा एक प्रवेश घातला: सूत्रधार, विदूषक, गणपती, सरस्वती आणि मग राक्षस. राक्षसांचे मुखवटे वर्गातल्या मुलांनी स्वतः केलेले, लाल-काळे, सुळे बाहेर. घातले काळे सुती झगे, बाह्यांना फाटक्या जरीच्या चिंध्या. शिबिराच्या पहिल्या दिवशी प्रत्येक आईला आपला मुलगा राम व्हावा असं वाटत होतं. रंगीत तालमीनंतर स्वतः राम येऊन विचारून गेला, दुसऱ्या अंकात मी राक्षस होऊ का?

पैशांचंही सांगायला हवं, कारण धंदा त्यावर उभा आहे. आमची केंद्राला एकच अट असते: कपड्याचं वेगळं भाडं पालकांकडून घ्यायचं नाही. शिबिराच्या शुल्कातच ते धरायचं आणि प्रत्येक मुलामागे आम्हाला एक ठरावीक रक्कम द्यायची, मग मूल राजा असो की शिपाई. पूर्वी मी पाहिलंय, ज्या घरी जादा पैसे निघत नाहीत त्या घरचं पोर बरोबर झाड किंवा डोंगर होतं. ही पद्धत लागू केल्यावर भूमिका दिग्दर्शक ठरवायला लागले. आम्हालाही आकडा आधी कळतो, कापड एकदम घेता येतं. आता एप्रिल-मेमध्ये आमच्या मशिनी चालू असतात, बायकांचा पगार थांबत नाही, आणि पावसाळ्याचे मंदीचे दिवस त्या कमाईवर निघतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. दुकान बुडालं. आम्ही खालच्या ट्रंका माळ्यावर टाकल्या होत्या, पाणी माळ्यापर्यंत आलं. ओसरल्यावर शटर उघडलं तेव्हा चिखलात टोपांचे केस गोळे होऊन पडले होते, जर काळी पडली होती, तांबड्याचा रंग पांढऱ्यावर उतरला होता. आण्णांनी हयातभर जमवलेला वेल्वेटचा सगळा माल गेला. वाचले ते मुलांचे सुती कपडे. आधी नुसत्या स्वच्छ पाण्यातून काढायचे, चिखल पूर्ण सुटेपर्यंत साबण लावायचा नाही, मग सावलीत वाळवायचे. हे काम दोन माणसांचं नव्हतं. शिबिरात येऊन गेलेल्या मुलांचे पालक, ज्यांची घरं पाण्याबाहेर होती ते, बादल्या घेऊन आले. सांगलीतल्याच विश्रामबाग भागातल्या गच्च्यांवर आमचे अंगरखे वाळत होते. त्या माणसांचं ऋण मी मानते आणि ते फिटावं अशी माझी इच्छाही नाही.

त्यानंतर साठा विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर हलवला. मारुती चौकात आता फक्त मापं आणि भाड्याचा काउंटर आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा कपडे कोरडे राहिले. मधली दोन वर्षं, २०२० आणि २०२१, उन्हाळी शिबिर झालंच नाही. त्या काळात उरलेल्या पॉपलिनचे तोंडाला लावायचे मास्क शिवले आणि मशिनी चालू ठेवल्या. आण्णा त्या वर्षांत थकले. आता ते कटिंगला बसत नाहीत, पण नवीन नमुना कापला की कागद हातात घेऊन खांद्याचा उतार तपासतात आणि बहुतेक वेळा पाव इंच कमी करायला लावतात. त्यांचं ऐकते, कारण कपडा अंगावर चढला की ते बरोबर ठरतात.

शिबिरातून बाहेर पडलेली काही मुलं आता मोठी झाली आहेत. त्यांतली एक मुलगी फॅशन डिझाइनिंग शिकतेय आणि सुट्टीत येऊन मुखवट्यांचा वर्ग घेते. मुलं तिला ताई म्हणतात आणि माझ्यापेक्षा जास्त ऐकतात. भाव्यांनी बाहुल्याही केल्या होत्या, त्यामुळे यंदा तिच्या आग्रहावरून लाकडी डोक्याच्या बाहुल्यांना कपडे शिवायचा नवा भाग वर्गात घेतोय. दहा इंची बाहुलीचा अंगरखा शिवणं मुलाच्या अंगरख्यापेक्षा अवघड आहे, शिलाईची माया आतून जाड होते आणि बाहुलीचा हात वाकत नाही. त्यावर अजून आमचं काम चालू आहे.

आजूबाजूच्या तालुक्यांतल्या वाचनालयांनी आणि मंडळांनीही आता मे महिन्याची शिबिरं सुरू केली आहेत, तासगाव, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), जयसिंगपूरहून विचारणा येते. त्यांना एवढंच सांगणं: संहिता मार्चअखेर आमच्या हातात द्या. मापं एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही स्वतः येऊन घेतो, शाळेच्या गणवेशाची जुनी मापं पाठवू नका. कपडे रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी मिळतात, प्रत्येक मुलाच्या नावाची वेगळी पिशवी, आत मुखवटा सर्वांत वर. परत करताना धुऊन देऊ नका, धुलाई आमच्याकडेच होते.