तुम्ही विचारलंत म्हणून : त्या वर्षीसुद्धा आभार?

डिसेंबर संपत आला की हा प्रश्न मला हमखास येतो. ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, यंदा तर भाचीनंच विचारलं, "मावशी, काका गेले त्या वर्षीसुद्धा तू 31 डिसेंबरला देवाचे आभार मानलेस? कशाचे?" तोंडी सांगायला गेले की गळा दाटतो, म्हणून लिहिते.

सोलापुरात आमच्या चर्चमध्ये वर्षाच्या शेवटच्या रात्री उपासना असते. बारा वाजायच्या थोडं आधी बायबलमधलं स्तोत्र 136 वाचतात. वचनाचा पहिला भाग पाळकसाहेब वाचतात आणि सगळी मंडळी उत्तर देते, "त्याची दया सनातन आहे." वचनं 26, उत्तरही 26 वेळा. लहानपणी मी आईच्या मांडीवर, चादरीत गुरफटून, ते बोटांवर मोजायची. बहुतेकदा पंधराच्या आतच डोळा लागायचा.

2020च्या जुलैत हे गेले. दवाखान्याच्या दारातून आत नेलं, ते शेवटचं पाहणं. त्या डिसेंबरात रात्री 11 ते सकाळी 6 संचारबंदी होती, त्यामुळे मध्यरात्रीची उपासना झालीच नाही. घरात मी आणि आठवीतली लेक. मी लवकर झोपायच्या विचारात होते. तीच बायबल घेऊन स्वयंपाकघरात आली. म्हणाली, "आई, तू पाळक हो, मी मंडळी."

आकाश, सूर्य, चंद्र, तारे इथपर्यंत मी वाचत गेले. पुढे मिसर येतो, म्हणजे इस्राएल लोक जिथं गुलाम होते ते इजिप्त, समुद्र येतो, रान येतं, लढाया येतात. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लक्षात आलं, की ही काही चांगल्या दिवसांची यादी नाही. रानात तर हे लोक 40 वर्षं भटकले होते. त्या वचनापाठोपाठही तेच उत्तर.

बाविसाव्या वचनापर्यंत सगळं पूर्वजांचं चाललेलं असतं. तेविसाव्यात एकदम 'आम्ही' येतो: आमच्या हीन दशेत त्यानं आमची आठवण केली. तिथं माझा आवाज फुटेना. लेक थोडा वेळ थांबली. मी वाचलेलं नव्हतंच, तरी तिनं तिचं उत्तर दिलं, "त्याची दया सनातन आहे."

दोन वचनं पुढे अन्नाचा उल्लेख आहे, सगळ्या जिवांना तो अन्न देतो असा. ते वाचताना मला दाराची कडी आठवली. जुलैत आम्ही मायलेकी चौदा दिवस घरात कोंडलेल्या होतो, तेव्हा शेजारच्या पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातल्या, अक्का त्या कडीला रोज एक पिशवी अडकवून जायच्या. ज्वारीच्या भाकरी, शेंगाचटणी, कधी आमटीचा डबा. टाळेबंदीपासून त्यांचे स्वतःचे माग बंद होते. दार वाजवायच्या आणि जिन्यातून हाक द्यायच्या, "अक्का, ठेवलंय बघा." मी त्यांना अक्का म्हणते, त्याही मला अक्काच म्हणतात.

खरं सांगते, त्या वर्षी प्रार्थनेला बसले की आत काहीच हलायचं नाही. देवाचं प्रेम मनात जाणवलं, असं मी म्हणणार नाही. कडीला मात्र ते रोज अडकवलेलं असायचं.

आपण 'दया' म्हणतो त्या जागी मूळ हिब्रूत 'हेसेद' असा शब्द आहे. तो एका शब्दात मराठीत आणणं अवघड. शब्दाला जागणारं प्रेम, असं मी माझ्यापुरतं म्हणते. समोरच्याची अवस्था काहीही असो, दिलेला शब्द न मोडणारं.

"यात देवाची काहीतरी चांगली योजना असेल," असं कुणी म्हणालं की मला अजून त्रास होतो. हे का गेले, ते मला आजही कळलेलं नाही, आणि त्यांच्या जाण्याचे आभार मी कधीच मानले नाहीत. आभार मानले ते त्या चौदा दिवसांत आम्हाला टाकलं नाही याचे, आणि माझा आवाज बंद पडला तेव्हा उत्तर द्यायला लेक समोर बसवली याचे.

गेल्या 31 डिसेंबरला चर्च भरलं होतं. माझ्या पुढच्या बाकावर एक तरुण जोडपं होतं. त्यांचं बाळ दिवाळीच्या आधी गेलं. स्तोत्र सुरू झालं, तसा तो उभा राहिला, पण ओठ मिटलेलेच. बायको खाली बघत होती. पाळकसाहेबांनी पहिलं वचन वाचलं. मी लेकीकडे पाहिलं, आणि आम्ही दोघींनी नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं उत्तर दिलं.