खाइश्यानगोंगचा खारट चहा

शांघाय आणि सूचौमध्ये चार दिवस गेले. गर्दी फार होती, त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहावंसं वाटत नाही. मला जायचं होतं थाइहू सरोवराजवळच्या खाइश्यानगोंगला.

१९३६च्या उन्हाळ्यात चिनी समाजशास्त्रज्ञ फेई श्याओथोंग या गावात आले ते तब्येत सुधारायला. आदल्या वर्षी ग्वांगशीच्या डोंगरात ते वाघासाठी लावलेल्या सापळ्यात अडकले होते. मदत आणायला गेलेली त्यांची पत्नी वांग थोंगह्वेइ जिवंत परतली नाही. त्यांची बहीण फेई दाशेंग गावात सुधारित रेशीम काढायला शिकवत होती, सहकारी गिरणीही उभी राहिली होती. तिनेच त्यांना बोलावून घेतलं. दोन महिने ते घरोघर जाऊन बसले. नुसत्या भातशेतीवर भागत नव्हतं, वरखर्च रेशमावर चालायचा. रेशमाचे भाव कोसळले तशी घरं कर्जात गेली. लंडनला मानववंशशास्त्रज्ञ मालिनोवस्कींच्या हाताखाली त्यांनी प्रबंध लिहिला तो या गावावरच.

त्यांच्या नावाचं स्मारक छान आहे, पण माझा जीव रमला तो एका आजींच्या घरी. पुढच्या खोलीत स्वेटर विणायचं यंत्र, मागे स्वयंपाकघर. त्यांनी काचेच्या पेल्यात चहा दिला. त्यात धुरावलेले हिरवे सोयाबीनचे दाणे, तीळ आणि वाळवलेली संत्र्याची साल होती. चव खारट. पहिला घोट जड गेला, दुसऱ्यापासून आवडला.

सोबतची विद्यार्थिनी त्यांची बोली मला इंग्रजीत सांगत होती. मुलगा सूचौला असतो, त्याची चूल तिकडे, असं आजी म्हणाल्या. घराची वाटणी झाली की चूल वेगळी होते, हे तिथेही तसंच आहे. हे वाक्य माझ्या कानात मराठीतच पडलं.

फेई १९५७ला परत आले. भाताचं पीक वाढलेलं, तरी लोकांच्या हातात पैसा का नाही, हे त्यांनी विचारलं. जोडधंदे बंद पडलेत, ते पुन्हा सुरू करा, असं लिहिलं. त्याच वर्षी त्यांच्यावर ‘उजवे’, म्हणजे कम्युनिस्ट सत्तेचे विरोधक, म्हणून शिक्का बसला आणि पुढची वीसेक वर्षं काम थांबलं. १९८१ला ते पुन्हा आले, मग येतच राहिले. एकूण सव्वीस वेळा.

आमच्याकडे संशोधन करायला आलेला माणूस प्रश्नावली भरून घेतो आणि जातो. मीही तेच केलं. पीएचडीसाठी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात आठ महिने राहिले, ज्यांच्या घरी जेवले त्यांना प्रबंधाची प्रतसुद्धा दिली नाही. पंधरा वर्षांत तिकडे फिरकले नाही. याची मला लाज वाटते.

मी कोण हे कळल्यावर आजींनी विचारलं, "तुझ्या त्या गावात आता लोक काय करतात?"

मला सांगता आलं नाही. त्यांनी पेल्यात पुन्हा गरम पाणी ओतलं आणि तळाचे दाणे खायला एक काडी पुढे केली.