बेथेस्डाच्या पायऱ्या आणि आईचं गुडघेदुखीचं नाटक

आज आईला घेऊन न्यू जर्सीतल्या एडिसनहून ट्रेनने न्यूयॉर्कला गेलो, सेंट्रल पार्क दाखवायचं होतं. पार्कातल्या बेथेस्डा टेरेसला, म्हणजे कारंज्याकडे उतरणाऱ्या दगडी गच्चीवर, पोचल्यावर म्हणाली, आता एवढ्या पायऱ्या उतरायच्या का रे, गुडघे बघ माझे. आणि मग स्वतःच अर्धा तास त्या जिन्यावर रमली!

कठड्यावर दगडात चार ऋतू कोरलेत, पक्षी, फळं, पानं, वेली, सगळं इतकं बारीक की हात लावल्याशिवाय राहवत नाही. जेकब रे मोल्ड नावाच्या माणसाचं डिझाईन, १८६० च्या दशकातलं. वरच्या एका खांबावर तर झाडूवर बसलेली चेटकीण आहे, ती रात्रीची खूण म्हणे, आणि दुसरीकडे दिवसासाठी कोंबडा. आई म्हणे, कोंबडा आपल्याकडचाच वाटतो.

मधला जिना रस्त्याखालून जातो, तिथे मान वर केली तर छताला मिंटन या इंग्लिश कंपनीच्या टाइल्स, १५ हजारांच्या वर! फरशी छताला लावायची आयडिया कुणाला सुचली असेल 😄 १९८० च्या दशकात काढून ठेवल्या होत्या, २००७ मध्ये परत बसवल्या.

खाली कारंजं, त्यावर एमा स्टेबिन्स या शिल्पकार बाईने घडवलेली देवदूताची मूर्ती. आईने तिच्यासमोर डबा उघडला, थालीपीठ. येताना वर चढताना गुडघ्यांचा विषयसुद्धा निघाला नाही.