पिअर शेलवरची उथळ चिकण माती: पश्चिम साउथ डकोटातील भ्रमंतीचा वृत्तांत

अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात मिसूरी नदी आणि ब्लॅक हिल्सचे डोंगर यांच्यामध्ये जो विस्तीर्ण गवताळ मुलूख पसरला आहे, त्याच्या फार मोठ्या भागाखाली पिअर शेल हा एकच खडक आहे. सुमारे 8 ते 7 कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेच्या मध्यातून उत्तर-दक्षिण पसरलेल्या उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला हा चिखल असून, मीक आणि हेडन या भूवैज्ञानिकांनी 1862 मध्ये फोर्ट पिअरच्या परिसरावरून त्याला हे नाव दिले. या खडकावर तयार झालेल्या मातीच्या दोन प्रमुख मालिका (सारख्या थरांच्या मातींचे नाव दिलेले गट) म्हणजे 'सॅमसिल' आणि 'पिअर'. त्यांपैकी सॅमसिल ही उथळ चिकण माती प्रत्यक्ष पाहावी, एवढ्याच हेतूने आम्ही सप्टेंबरमध्ये या भागात फिरलो. बेसॉल्टवरच्या काळ्या जमिनीत वाढलेल्या मराठी माणसाने ही माती एकदा तरी पाहावी असे मला मनापासून वाटते, कारण दोन्हीकडे फुगणारी-आकसणारी चिकण माती तीच आहे, मात्र ती निराळ्या खडकातून आणि निराळ्या हवामानात घडली आहे.

रॅपिड सिटीहून आंतरराज्य महामार्ग 90 ने वॉल या गावी यावे आणि तेथून महामार्ग 14 धरून फिलिप, मिडलंडमार्गे फोर्ट पिअरकडे जावे. बहुतेक प्रवासी हा रस्ता कंटाळवाणा म्हणून टाळतात, परंतु माती पाहणाऱ्यासाठी याहून चांगला रस्ता या भागात मला दिसला नाही. डोंगरसोंडा, उतार आणि सखल भाग सतत आलटून पालटून येतात आणि रस्त्यासाठी कापलेल्या कडांमध्ये मातीचा उभा छेद आपोआप दिसतो.

अशा एका कडेपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. वर बोटभर जाडीचा करडा-तपकिरी थर होता. त्यात गवताची बारीक मुळे दाट होती, पण सेंद्रिय पदार्थाचा काळेपणा फारसा नव्हता. त्याखालची माती फिकट ऑलिव्ह-करड्या रंगाची, अतिशय चिकट आणि शेलच्या मऊ कपच्यांनी भरलेली होती. खाली जावे तसे कपच्यांचे प्रमाण वाढत गेले आणि वीतभर-दीड वीत खोलीवर माती संपून पापुद्र्यापापुद्र्याचा शेल सुरू झाला. हा शेल कठीण नसतो. कुदळीने सहज खणता येतो आणि ओला झाला की बोटांनी चुरता येतो. तरीही मुळांच्या दृष्टीने तो अडसरच आहे. मुळे त्याच्या पृष्ठावर येऊन आडवी पसरलेली, चटईसारखी चेपलेली दिसली आणि मोजकीच मुळे पापुद्र्यांमधल्या फटींतून खाली उतरली होती. सॅमसिल मालिकेत खडक 50 सेंटिमीटरच्या आतच लागतो, तर पिअर मालिकेत तो साधारण 50 ते 100 सेंटिमीटर खोलीवर असतो. दोहोंतला हा फरक कागदावर किरकोळ वाटला, तरी या मुलखातली सगळी जमीन त्यावरूनच वाचता येते.

पिअर माती सौम्य उतारांवर आढळते. तिला उन्हाळ्यात रुंद भेगा पडतात, थर एकमेकांवर घासून चकचकीत पृष्ठे तयार होतात आणि शास्त्रीय वर्गीकरणात ती आपल्या खोल काळ्या जमिनींच्याच गणात, म्हणजे व्हर्टिसॉलमध्ये, मोडते. सॅमसिलमधली चिकण खनिजे त्याच प्रकारची, स्मेक्टाइट गटातली आहेत. समुद्रात पडलेल्या ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या बेंटोनाइट या फुगणाऱ्या मातीचे थरही या शेलमध्ये जागोजागी आढळतात. पण तीव्र उतारावर माती जितकी तयार होते तितकीच वाहून जाते, त्यामुळे सॅमसिलला थर घडवायला उसंत मिळत नाही आणि वर्गीकरणात ती एन्टिसॉल, म्हणजे अल्पविकसित माती, ठरते. एकाच टेकडीच्या माथ्यावर एक गण आणि पायथ्याशी दुसरा, हे दोनशे पावलांत पाहायला मिळणे ही अभ्यासकासाठी पर्वणीच आहे.

खोलीचा अंदाज गवतावरूनही येतो. सखल, खोल मातीवर वेस्टर्न व्हीटग्रास आणि ग्रीन नीडलग्रास यांचे निळसर-हिरवे, एकसारखे आवरण असते. माथ्याकडे जाताना ते विरळ होत जाते, साइडओट्स ग्रामा आणि लिटल ब्लूस्टेमचे सुटे झुबके दिसू लागतात आणि मधली जमीन उघडी पडते. त्या उघड्या जागी कोरडी माती ज्वारीच्या लाह्यांसारखी फुलून आलेली असते आणि पाय ठेवताच चुरकन दबते. उन्हात चमकणारे जिप्समचे पारदर्शक तुकडेही तेथेच विखुरलेले सापडतात. वार्षिक पाऊस सुमारे 400 मिलिमीटर, त्यात चिकण मातीत पाणी झिरपण्याचा वेग मंद आणि साठवायला खोली अपुरी. उतारावर पडलेले बरेचसे पाणी गवताला न मिळताच ओघळून जाते. हेच पाणी पशुपालकांनी नाल्यांवर बांधलेल्या छोट्या मातीच्या बंधाऱ्यांमध्ये अडते, कारण पाणी न झिरपू देणारी ही माती बंधाऱ्यासाठी उत्तम ठरते.

शेतकऱ्यांना येथे वसवण्याच्या काळात 160 एकरांचे तुकडे वाटून येथे नांगरशेती करण्याचा प्रयत्न झाला. 1930 च्या दशकातील अवर्षणात ती मोडली, सरकारने अनेक शेते परत विकत घेतली आणि त्यांतूनच 1960 मध्ये बफेलो गॅप आणि फोर्ट पिअरसारखी राष्ट्रीय गवताळ क्षेत्रे जाहीर झाली. या जमिनीला गवताखालीच राहू देणे हाच तिचा योग्य उपयोग आहे, आणि आपल्याकडच्या हलक्या, मुरमाड उतारांबाबतही असा निर्णय वेळेवर घ्यायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गुणधर्म वरवर दिसत नाही. पिअर शेलच्या काही थरांत सेलेनियम हे जास्त झाल्यास विषारी ठरणारे मूलद्रव्य भरपूर असते आणि काही वनस्पती ते मोठ्या प्रमाणात शोषून घेतात. दोन खाचांच्या शेंगांची मिल्कव्हेच आणि पिवळ्या तुऱ्यांची प्रिन्सेस प्लूम या दोन वनस्पती दिसल्या की त्या जागी सेलेनियम असल्याचे ओळखतात. अशा चाऱ्यावर राहिलेल्या घोड्यांचे आयाळ-शेपटीचे केस गळतात आणि खुरांना तडे जातात. 1850 च्या दशकात फोर्ट रँडॉल येथील लष्करी घोड्यांमध्ये अशा आजाराची नोंद झाली होती. त्याचे कारण मात्र 1930 च्या दशकातच उलगडले.

वॉलपासून जवळच असलेल्या बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानातील 'यलो माउंड्स' चुकवू नयेत. समुद्र हटल्यावर हाच काळपट शेल उघडा पडला, उष्ण-दमट हवामानात दीर्घकाळ कुजून पिवळा झाला आणि नंतर नव्या गाळाखाली गाडला गेला. म्हणजे शेलवर आज घडणारी माती आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी घडलेली माती एकाच फेरीत पाहता येतात.

मागून येणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची सूचना पावसाची आहे. स्थानिक लोक ओल्या चिकण मातीला 'गम्बो' म्हणतात आणि तिचा धाक बाळगतात. आम्ही असताना एका दुपारी हलकी सर आली. तेवढ्यानेच कच्च्या रस्त्याचा वरचा थर साबणासारखा निसरडा झाला आणि बुटांना मातीचे जड गोळे चिकटू लागले. चारचाकी चालना असलेली गाडीही अशा रस्त्यावर घसरते आणि मागे पडलेल्या खोल चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात. म्हणून पाऊस पडला तर डांबरी रस्त्यावरच थांबावे, वाफसा येईपर्यंत आत शिरू नये आणि आधीच कच्च्या रस्त्यावर असाल तर पक्क्या रस्त्याची दिशा लगेच धरावी. मे-जूनमध्ये गवत सर्वांत सुंदर असते, पण पाऊसही तेव्हाच जास्त. भेगा आणि छेद पाहायचे असतील तर सप्टेंबर उत्तम.

पाणी भरपूर बरोबर घ्यावे, कारण माथ्यांवर सावली नाही आणि वस्त्या दूर आहेत. घोट्याच्या वर येणारे बूट वापरावेत, कारण प्रेअरी रॅटलस्नेक जातीचे विषारी साप येथे आहेत. गवतातून फिरून आल्यावर गोचिडीही तपासाव्यात. उद्यानात बायसन (अमेरिकी गवे) दिसले तर किमान 100 यार्ड, म्हणजे सुमारे 90 मीटर, अंतर ठेवावे. वॉलचे घड्याळ राज्याची राजधानी असलेल्या पिअर शहरापेक्षा एक तास मागे असते, हे भेटीच्या वेळा ठरवताना ध्यानात असू द्यावे.

खणण्याचा मोह आवरावा. राष्ट्रीय उद्यानात माती, खडक किंवा जीवाश्म उचलण्यास मनाई आहे. गवताळ क्षेत्रात खड्डा घेण्यापूर्वी वॉल येथील कार्यालयात विचारावे. कुंपणापलीकडची जमीन बहुधा खासगी असते, तेथे मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. रस्त्याच्या कडा आणि ओढ्यांचे काठ निरीक्षणासाठी पुरेसे आहेत. बरोबर पाण्याची फवारणी बाटली, मोजपट्टी, रंगपट्टिका आणि चुनखडी तपासण्यासाठी सौम्य आम्लाची ड्रॉपर बाटली असावी; सॅमसिल मातीवर थेंब पडताच फसफस होते. आम्ल विमानातून नेता येत नाही, ते तेथेच मिळवावे. मातीचा नमुना भारतात आणण्यासाठी आधी आयात परवाना लागतो, त्यामुळे ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी मोजपट्टीसह छायाचित्रे, थरवार टिपणे आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश एवढेच घेऊन परतावे आणि निघण्यापूर्वी बुटांच्या तळव्यांतील माती नीट धुऊन काढावी.