टॉवेल, बादली आणि पकड

मे महिन्यातल्या एका दुपारी, जिममधला कूलर नुसतीच गरम हवा फेकत असताना, डेडलिफ्टचा, म्हणजे जमिनीवरून उचलून सरळ उभे राहायचा, वजनांचा रॉड माझ्या घामेजल्या हातांतून निसटला. १२० किलोला पाठीची तक्रार नव्हती, बोटांनीच दगा दिला होता. एक पंजा आत, एक बाहेर वळवून रॉड धरण्याची नेहमीची लबाडीही त्या दिवशी चालेना, म्हणून खांद्यावरचा टॉवेल रॉडला गुंडाळला. तो अर्थातच सोलापुरी, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला आणि अंगापुरते पाणी एका पुसण्यात पिणारा. एरवी जेमतेम २८-२९ मिलिमीटर जाड असणारा रॉड त्या दोन वेढ्यांनी असा काही फुगला की अंगठा बोटांवर येऊन बसेना, रॉड मुठीत फिरू लागला आणि मी मुकाट्याने ८० किलोवर आलो.

लहानपणी आमच्या गल्लीत पाणी तीन-चार दिवसांआड येई. बादलीची कडी तारेसारखी बारीक असल्याने बोटांत रुतत असे, म्हणून आजी तिला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून देई. तीच चिंधी बारीक कडीला सुसह्य करते आणि जाड रॉडला असह्य, हे कळायला मला तीस वर्षे आणि जिमची फी लागली. टॉमस इंच नावाच्या इंग्रज बलवानाचे सुमारे ७८ किलोचे डंबेल त्याच्या काळातल्या भल्याभल्यांना एका हाताने उचलता आले नाही, ते वजनामुळे नव्हे. सुमारे ६ सेंटिमीटर जाडीच्या मुठीमुळे.

आजीचा दुसरा आग्रह असे, "एकच बादली का रे? दोन घे की, वाकडा चालतोस." एका हातात भरलेली बादली असली की दुसरा हात आपोआप बाहेर फेकला जातो आणि कंबर उलट्या बाजूला ओढ घेते, दोन बादल्यांत ओझे दुप्पट, पण चाल सरळ. जिममध्ये याच वाकडेपणाला सूटकेस डेडलिफ्ट म्हणतात. सात फुटी रॉड बाजूला ठेवून एका हाताने मधोमध धरला की त्याची दोन्ही टोके तराजूसारखी डुलतात, आणि ती समतोल ठेवताना मनगट, पंजा आणि बरगडीखालचे स्नायू एकदम जागे होतात. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे उंच जड काठ्या, पेलणारे महिनोन्‌महिने आधी सराव का करतात, याचा थोडासा अंदाज मला ४० किलोच्या त्या डुलण्यातून आला. तुलना अर्थातच माझ्या आवाक्याबाहेरची आहे.

रॉड दोन पायांच्या मध्ये घेऊन एक हात पुढे, एक मागे धरण्याचा जेफरसन नावाचा प्रकारही मी करून पाहिला. त्यात पकड चांगली बसते, रॉड फिरत नाही, पण आरशात माणूस लाकडी घोड्यावर बसल्यासारखा दिसतो, म्हणून तो मी दुपारी, जिम रिकामी असतानाच करतो. हॅकेनश्मिट या कुस्तीगिराच्या नावाशी जोडलेला, रॉड टाचांमागून उचलण्याचा प्रकार मात्र माझ्या पोटऱ्यांनी दोनदा सोलपटून घेऊन नाकारला.

टॉवेलवर आता रॉडचे दोन करडे पट्टे उमटले आहेत आणि ते कोणत्याही साबणाने जात नाहीत. आईने तो दोरीवर वाळत घालताना विचारले, "टॉवेल अंग पुसायला असतो, हे ठाऊक आहे ना?" मी मान डोलावली. सोमवारी निळा नेणार आहे.