मधलं गाव मोस्तार

मी लोकांच्या व्हिसाची कामं करते. व्हिसा लागून पासपोर्ट परत आले की मी पाकीट फोडून आधी स्टिकर वाचते. नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट नंबर, तारखा. त्या दिवशीही एका काका-काकूंचे दोन्ही पासपोर्ट उघडून तशीच बोट फिरवत गेले. मुदत सत्तावीस दिवसांची, मुक्कामाचे दिवस बारा. (मुदत बघून सत्तावीस दिवस राहायचं म्हणणारे दर महिन्याला एक तरी भेटतात. राहायचं बाराच दिवस. बाकीचे पंधरा तारखा मागेपुढे झाल्या तर म्हणून.) मग बोट एंट्रीच्या रकान्यावर आलं. ०१.

सिंगल, म्हणजे एकदाच आत जाता येणार. बरोबरच होतं, मीच तसं मागितलं होतं. व्हिएन्नात तीन रात्री, ल्युब्लियानात दोन, स्प्लिटमध्ये तीन, डुब्रॉव्हनिकमध्ये तीन आणि तिथूनच परतीचं विमान. सगळं शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत. स्प्लिट, डुब्रॉव्हनिक क्रोएशियात, सर्वांत जास्त रात्री तिथेच, म्हणून अर्जही क्रोएशियाकडेच केला होता.

काका-काकू पासपोर्ट न्यायला आले ते खुशीत. काकूंनी पिशवीतून घडी केलेला कागद काढला. मुलाने करून दिलेला रोजचा कार्यक्रम, त्यात त्यांनी स्वतः लाल पेनाने एक गाव अधोरेखित केलेलं. "हा पूल बघायचाय मला. १९९३च्या युद्धात पाडला होता ना, तो. मग परत तसाच बांधला."

मोस्तार. स्प्लिटहून डुब्रॉव्हनिकला जाताना, वाटेत चार तास.

माझ्या पोटात गोळा आला. मोस्तार बॉस्नियात आहे आणि बॉस्निया शेंगेनमध्ये नाही. सकाळी क्रोएशियातून बाहेर पडलं की त्यांची ती एक एंट्री तिथेच संपली. संध्याकाळी परत क्रोएशियाच्या हद्दीवर आल्यावर अधिकारी कशाच्या आधारावर आत घेणार? सामान पुढे डुब्रॉव्हनिकला, विमान तिथून, आणि ही दोघं रस्त्यावर.

चूक माझी होती. २०२३च्या आधी क्रोएशियाच शेंगेनबाहेर होता, त्यामुळे अशा टूरला डोळे मिटून 'मल्टिपल'वर खूण करायची सवय होती. १ जानेवारी २०२३ला क्रोएशिया आत आला आणि मी निवांत झाले. त्यातून मी फक्त हॉटेलची यादी मागवली होती. मोस्तारला रात्र नव्हती, म्हणून ते यादीत नव्हतंच.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मग आता मल्टिपल करून घ्या." लागलेल्या स्टिकरवर असं काही वाढवून मिळत नाही हो. नवा अर्ज करायचा तर अपॉइंटमेंट हवी, निकालाला पंधरा दिवस धरावे लागतात, आणि निघायला राहिले होते नऊ. काकू काही बोलल्या नाहीत. कागदाची घडी घालून परत पिशवीत ठेवली. ते मला जास्त लागलं.

मोस्तार गाळलं. तरी सुटका नव्हती. नकाशा काढला तर स्प्लिटहून डुब्रॉव्हनिकला जाणाऱ्या किनाऱ्याच्या जुन्या रस्त्यावर मध्येच नेउम. बॉस्नियाला मिळालेला वीसेक किलोमीटरचा समुद्रकिनारा, क्रोएशियाचे दोन तुकडे करणारा. हे १६९९चं दुखणं आहे: व्हेनिसची हद्द आपल्याला टेकू नये म्हणून डुब्रॉव्हनिकच्या प्रजासत्ताकाने ती पट्टी तेव्हा बॉस्नियावर राज्य करणाऱ्या ऑटोमन तुर्कांना देऊन टाकली, आणि त्याचा घोर तीनशे वर्षांनी माझ्या टेबलावर.

२०२२च्या जुलैत पेल्येशाकचा पूल सुरू झाला, म्हणून वाचलो. त्यावरून गेलं की क्रोएशियाबाहेर पडावंच लागत नाही. पण बस नेमकी कुठून जाणार? तिकिटावर फक्त स्प्लिट आणि डुब्रॉव्हनिक. बस कंपनीला ईमेल केली, उत्तर आलं, 'शक्यतो पुलावरून'. शक्यतो! तिकीट रद्द करून खासगी गाडी ठरवली, बुकिंगमध्ये 'पुलावरूनच, नेउममार्गे नाही' असं लिहून घेतलं. फरकाचे पैसे मी भरले.

ठरलेल्या दिवशी दुपारभर फोन हातात होता. काकांचा फोटो आला: गाडीच्या काचेतून पुलाच्या पांढऱ्या तारा, खाली समुद्र. मागोमाग काकूंचा मेसेज.

"पूल बघितला. हा तो नव्हे. त्याची एक ट्रिप तुमच्याकडे लागते."