सात वाटे, एक रुपया बाकी

कोकणात जमिनीचे पैसे आले की दुपारच्या जेवणानंतर पडवीत हिशेब निघतो तो वाट्यांचा. समजा, हायवेत गेलेल्या तुकड्याचे दहा लाख आले आणि सातबाऱ्यावर नावं सात. प्रत्येकी १,४२,८५७. एक रुपया उरतो, त्याचं भावकीने बघावं.

दोघांचे मिळून २,८५,७१४. तिघांचे ४,२८,५७१. तेच सहा आकडे, तोच क्रम, फक्त सुरुवात निराळी. सहा वाट्यांपर्यंत असंच. सातवा मिळवला की ९,९९,९९९.

जादू काही नाही. १ ला ७ ने भागत गेलं की बाक्या येतात ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. शक्य त्या साऱ्या बाक्या एकाच फेरीत. २ ला भागायला घेतलं की त्याच फेरीत आपण मधूनच शिरतो, म्हणून उत्तर २८५ ने सुरू होतं. १३ ने भागून बघा: दोन वेगळ्या फेऱ्या पडतात आणि गंमत अर्धी होते.

मला मात्र हा आकडा आवडतो तो संख्यांच्या नादी लागलेल्या गणिती दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांमुळे. जन्म डहाणूचा, १९०५ सालचा, मास्तरकी देवळालीला. लोकांना त्यांचा ६१७४ तेवढा ठाऊक असतो (चार आकडे घ्या, सगळे सारखे नकोत; उतरत्या क्रमातून चढता वजा करत राहा, शेवटी हाच येतो). पण वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की जी परत मिळते, ती कापरेकर संख्या. १४२८५७ चा वर्ग करा: २०४०८१२२४४९. आकडे अकरा, तेव्हा तोडायचा कुठे? उजवीकडून सहा मोजायचे, कारण मूळ संख्या सहा आकडी. २०४०८ अधिक १२२४४९ बरोबर १४२८५७. डावीकडून सहा मोजलेत तर २२६५३० येतात आणि माणूस उगाच कापरेकरांवर शंका घेतो. कारणही सरळ आहे. १४२८५६ ला ७ ने भाग जातो, म्हणून संख्येच्या वर्गातून ती संख्या वजा केली की उरतं ते ९९९९९९ च्या बरोब्बर २०४०८ पट.

आकड्यांची बेरीज २७, आणि २७ ने भागलं की ५२९१. स्वतःच्या आकड्यांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती हर्षद, म्हणजे ही हर्षदही. पण हर्षद संख्या पैशाला पासरी, त्याचं फार कौतुक नको.

खरा मान पुढचा. एखादी संख्या घ्या, तिच्यात तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवा; अशाने जी कधीच तयार होत नाही ती स्वयंभू. कापरेकर तिला देवळाली संख्या म्हणत. आपल्या संख्येला ९ ने भाग जातो, तेव्हा तिला जन्म देणारीलाही जायला हवा. जवळच्या तपासू: १४२८४८ मधून १४२८७५ निघते, १४२८३९ मधून १४२८६६, १४२८३० मधून १४२८४८. त्याखालच्या तर पोचतच नाहीत. कोकणात स्वयंभू देवांना तोटा नाही, त्यात ही एक.

इतकं असून विभाजकांपाशी गाडी अडते. ३, ३, ३, ११, १३, ३७ हे मूळ अवयव, विभाजक एकूण ३२. स्वतःला वगळून त्यांची बेरीज १,१२,५०३. मूळ संख्येपेक्षा कमी, म्हणून वर्गवारीत नाव न्यून संख्या. बरं नाही वाटत. पण बेरीजच कमी भरते, त्याला कोण काय करणार?